हातातले नख आणि नख झालेला हात : बोटांच्या ताकदीचा एक इतिहास



आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या खाटेखाली हिरव्या मुगांनी भरलेली बादली सापडली. पोरे खोलीत चोरून स्वयंपाक करतात, अशी वॉर्डनची समजूत झाली. प्रकरण माझ्यापर्यंत आले तेव्हा उलगडा झाला. हा मुलगा रोज रात्री सरळ ताणलेली बोटे त्या मुगात खुपसत असे, दोनशे वेळा उजवी, दोनशे वेळा डावी. मुगानंतर वाळू, वाळूनंतर लोखंडी छर्रे, असा पुढचा बेत होता. चिनी कुंग-फूमधला 'वाघाचा पंजा' त्याला कमवायचा होता. वाळूपर्यंत पोचला आणि त्याची अनामिका सुजली. बोट वाकेना, ड्रॉइंगच्या तासाला पेन्सिल धरवेना. डॉक्टरांनी कंडरेच्या आवरणाला सूज आल्याचे सांगून तीन आठवडे पट्टी बांधली.

पट्टी बांधलेला हात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मी रागावणार, हे त्याने गृहीतच धरले होते. पण त्याला वेगळेच काही विचारायचे होते. "सर, ही विद्या मूळची आपलीच ना? बोधिधर्मांनी इथून नेली असं सगळीकडे सांगतात. मग आपल्याकडे ती का उरली नाही?"

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. तंत्रज्ञानाचा इतिहास हा ऐच्छिक विषय गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, एवढाच माझा इतिहासाशी संबंध. त्या दिवशी मी त्याला दोन वाक्यांत वाटेला लावले आणि ती दोन्ही वाक्ये अपुरी होती. हे टिपण त्यानंतरच्या तासासाठी तयार केले.

आधी थोडे यंत्रशास्त्र

आपल्या बोटांमध्ये बोट वाकवणारे स्नायू नसतात. ते असतात कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात, आणि काही लहान स्नायू तळहातात. तिथून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून पुढे बोटांच्या टोकांपर्यंत जातात. वाटेत त्या हाडाला चिकटून राहाव्यात म्हणून छोटे छोटे पट्टे असतात. विहिरीवरच्या रहाटाचे चाक आणि दोर डोळ्यांसमोर आणा. बोट हे दोराच्या टोकाला बांधलेले पोहऱ्याचे ओझे, माणूस ओढतो आहे तो दूर, विहिरीच्या काठावर.

आता एक ढोबळ हिशेब करू. बोट सरळ ठेवून त्याच्या टोकावर 10 किलोचा भार घेतला. टोकापासून बोटाच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचे अंतर सुमारे 8 सेंटिमीटर. त्या सांध्यापाशी कंडरेचे सांध्याच्या मध्यापासूनचे अंतर मात्र जेमतेम 1 सेंटिमीटर. तरफेचा नियम लावला तर कंडरांवर 80 किलोचा ताण येतो. बोट वाकवून ते 8 चे 4 सेंटिमीटर केले की ताण निम्म्यावर येतो. पंजा वाकडा का असतो याचे अर्धे उत्तर इथे आहे. वाघाचा असो, घारीचा असो की कुंग-फूच्या उस्तादाचा, नखे रोवणारा अवयव सरळ राहिला तर स्वतःच मोडतो. आमच्या विद्यार्थ्याने बोटे सरळ ठेवून वाळूत खुपसली होती.

दुसरी गोष्ट काळाची. स्नायू काही आठवड्यांत वाढू लागतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिला कित्येक महिने लागतात. हाडही भार येईल तसे घट्ट होत जाते, पण सावकाश. म्हणून जुन्या परंपरांत बोटांची तयारी वर्षांच्या हिशेबात सांगितलेली असते. त्यात गूढ काही नाही. कंडरा पिकायला लागणारा वेळ लोकांनी अनुभवाने ओळखला होता.

चिनी कागदपत्रे काय सांगतात

चीनच्या बाबतीत आपले नशीब असे की तिथे कागद आहे. 16व्या शतकात समुद्रचाच्यांशी लढलेला मिंग सेनापती छी जिग्वांग याने 1560 च्या दशकात सैन्याच्या प्रशिक्षणावर 'जी-श्याव शिन-शू' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या मुष्टियुद्धाच्या प्रकरणात तो आपल्या काळातल्या नामवंतांची यादी देतो. कोणी लाथेसाठी प्रसिद्ध, कोणी पाडण्यासाठी, आणि एक 'घारपंजा वांग' म्हणून, पकडण्यासाठी. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी या नावाने ओळखला जाणारा एक माणूस होता आणि त्याची ख्याती पकडीची होती. ओरबाडण्याची नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल. छी जिग्वांग व्यवहारी माणूस होता. मोठ्या लढाईत रिकाम्या हातांचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे होतात म्हणून नव्या शिपायाला हे शिकवावे, असे तो स्पष्ट सांगतो.

त्यानंतरचा महत्त्वाचा ग्रंथ 'यी-जिन-जिंग', म्हणजे स्नायू-कंडरा पालटण्याचे सूत्र. बोधिधर्माची सगळी कथा याच ग्रंथाभोवती फिरते. त्याच्या प्रस्तावनेत हे सूत्र बोधिधर्माने शाओलिन मठात मागे ठेवले, असे म्हटले आहे. प्रस्तावनेवर 7व्या आणि 12व्या शतकातल्या सेनापतींची नावे आहेत. ग्रंथ मात्र 1624 च्या सुमाराचा. प्रस्तावनांतल्या ऐतिहासिक चुका 18व्या शतकातल्या चिनी विद्वानांनीच दाखवून दिल्या होत्या, आणि 1930 च्या दशकात थांग हाव या संशोधकाने बोधिधर्म आणि शाओलिनची लढाऊ विद्या यांचा संबंध पुराव्याअभावी नाकारला. शाओलिनमध्ये 728 साली उभारलेला शिलालेख आहे. 621 मधल्या लढाईत मठातल्या भिक्षूंनी भावी सम्राटाला केलेल्या मदतीची त्यात नोंद आहे, पण ही विद्या बोधिधर्माने शिकवली असे त्यात नाही. छी जिग्वांगच्या काळात तर शाओलिन प्रसिद्ध होते काठीसाठी. मेइर शहार यांनी 2008 च्या आपल्या पुस्तकात हे सगळे धागे नीट मांडले आहेत. ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी ते मिळवून वाचावे.

बोधिधर्म हा दक्षिण भारतातून गेलेला भिक्षू असल्याची परंपरा बरीच जुनी आहे. ध्यानमार्गाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे, ते कोणी हिरावून घेत नाही. हात कमावण्याच्या विद्येचे श्रेय मात्र त्याला हजारेक वर्षांनी चिकटवले गेले, आणि तेही चीनमध्ये. आपण ते आयते उचलले. आमच्या विद्यार्थ्याला हे ऐकून थोडे वाईट वाटले. मला स्वतःला पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले होते.

मजा अशी की त्याची मुगाची बादली याच ग्रंथातली निघाली. हात कमावण्यासाठी काळे आणि हिरवे दाणे एकत्र करून भांड्यात भरावेत आणि त्यात हात खुपसत राहावे, असा एक विधी 'यी-जिन-जिंग'मध्ये दिलेला आहे. आधी कोमट पाण्याने हात धुणे, चोळणे, दिवसांगणिक हळूहळू वाढवत जाणे हेही तिथेच आहे. मुलाने चित्रफितीतून बादली घेतली आणि कोमट पाणी सोडून दिले.

20व्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या घराण्यांतून आणि गावांतून शहरात आली. 1910 साली शांघायमध्ये जिंगवू ही व्यायामसंस्था निघाली. हपै प्रांतातल्या घारपंजा घराण्याचे छन झिझंग तिथे शिकवू लागले. दक्षिणेत ग्वांगडोंगमध्ये हुंग घराण्याचा वाघपंजा होता. 1934 साली जिन जिंगझोंग यांचे शाओलिनच्या बहात्तर कलांवरचे पुस्तक छापले गेले. त्यात पंजा कमावण्यासाठी लहान तोंडाचे मडके काठाला बोटांनी धरून उचलायचे आणि हळूहळू त्यातले वजन वाढवत न्यायचे, अशी पद्धत आहे. मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. बोटे वाकलेली, भार मोजता येणारा, वाढ सावकाश. शिवाय घर बांधणाऱ्या, पाणी भरणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामातून ती उचललेली आहे, हे उघड दिसते. आपल्याकडे घागर काठाला धरून चौकटीत ठेवणाऱ्या बाईची बोटे पाहा. तिच्या त्या कृतीला कोणी कला म्हटले नाही, नाव दिले नाही, क्रमांक दिला नाही.

वाघनख : ताकद कुठून कुठे जाते

आता मराठी मुलखात येऊ. 'पंजा' आणि 'नख' म्हटले की आपल्याला एकच दृश्य आठवते : 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना.

या प्रसंगाची साधने एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, 1690 च्या दशकात लिहिलेल्या बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत. कवींद्र परमानंदांचे संस्कृत 'शिवभारत' हे शिवाजी महाराजांच्या हयातीतले. त्यात महाराजांचा वार तलवारीचा आहे. जवळचे साधन एक सांगते, लोकांच्या स्मरणात दुसरे राहिले. म्हणून वाघनख खोटे ठरत नाही, पण दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे 2024 च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात तीन वर्षांच्या कराराने आली, तेव्हा वर्तमानपत्रांत बराच वाद झाला. ही वाघनखे ग्रँट डफच्या घराण्याकडून तिथे गेली. जेम्स ग्रँट डफ 1818 नंतर साताऱ्यात कंपनीचा अधिकारी होता आणि 1826 साली त्याने मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. वाघनखांच्या पेटीवरच्या मजकुरात, शिवाजीने याने मोगल सेनापतीला मारले, असे म्हटले आहे. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. ज्याने कोणी तो मजकूर लिहिला त्याला एवढेही नीट ठाऊक नव्हते, किंवा पर्वा नव्हती. संग्रहालयानेही ही तीच वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही, हे मोकळेपणाने सांगितले आहे. वस्तूसोबत आलेल्या चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात द्यायला मला सापडलेले नाही.

माझे लक्ष मात्र त्या वस्तूच्या घडणीकडे जाते. एक आडवी पोलादी पट्टी, दोन्ही टोकांना अंगठीसारखी कडी, पट्टीला खाली वळलेली नखे. कडी बोटांत अडकतात, पट्टी मुठीत किंवा तळहातावर बसते. वार केल्यावर नखाच्या टोकावरचा जोर कुठे जातो? बोटाच्या टोकाला नाहीच. तो पट्टीतून थेट तळव्यात आणि तिथून मनगटाच्या हाडांत जातो. मघाच्या हिशेबातली 8 सेंटिमीटरची तरफ इथे गायब झाली. चिनी उस्तादाने दहा वर्षे घालून बोटाचे हाड आणि कंडरा कमावली, ते काम इथे लोहाराने एका दिवसात पट्टीवर टाकले. दोन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत. फक्त एका ठिकाणी शरीर बदलले, दुसऱ्या ठिकाणी अवजार.

हेच बडोद्यात आणखी उघडपणे दिसते. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी 1864 साली खंडेराव गायकवाडांच्या दरबारी गेला होता. त्याच्या सचित्र प्रवासवर्णनात 'नक्की की कुस्ती' नावाच्या प्रकाराचे वर्णन आहे. मल्लांच्या उजव्या हाताच्या बंद मुठीवर शिंगाची नखे चामड्याच्या वादीने बांधलेली असत. भांग किंवा अफू घेतलेले मल्ल एकमेकांवर तुटून पडत. कपाळाची कातडी लोंबे, बरगड्या उघड्या पडत, कधी कधी माणूस जागीच जाई, आणि खंडेराव महाराज ते पाहताना इतके तल्लीन होत की त्यांचेही हात त्याच आवेशात हलू लागत. रूसलेला सनसनाटी आवडत असे, हे त्याचे पुस्तक चाळताना जाणवते. तेवढी सूट देऊनही वर्णन अंगावर येते. म्हैसूरला दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी आजही होते. तिथेही मुठीत हत्यार असते, पण पहिले रक्त दिसले की कुस्ती सोडवतात.

'बंद मूठ' या शब्दाकडे पाहा. घारपंजात हात उघडा असतो. बडोद्यात तो मिटलेला आहे आणि नखे बाहेर बांधली आहेत. म्हणजे 'भारतीय वाघपंजा' शोधायला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्याला वाघनख सापडेल, नक्की की कुस्ती सापडेल, वज्रमुष्टी सापडेल. बोटांनाच नखे करण्याची विद्या यांपैकी एकातही सापडणार नाही. आपल्याकडे ओरबाडण्याचे काम अवजाराला दिले गेले. मग बोटे कशासाठी कमावली?

खांब, दोर, माती

पकडीसाठी. घारपंजा वांगही पकडीसाठीच ओळखला जात होता, आणि खरे साम्य शोधायचे तर इथे शोधावे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या तयारीवर स्वतंत्र भाग आहे. त्यात मल्लाच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत. भारश्रम म्हणजे वजनाची मेहनत, भ्रमणश्रम म्हणजे चालणे-धावणे, सलिलश्रम म्हणजे पोहणे, बाहुपेल्लणक हा हातांचा जोर, आणि स्तंभश्रम, म्हणजे खांबावरची मेहनत. हा स्तंभश्रम आजच्या मल्लखांबाचा थेट पूर्वज आहे असे म्हणायला मधल्या सहाशे वर्षांचे दुवे लागतील. खांबाला झोंबणे ही मल्लाच्या तयारीची जुनी रीत होती, एवढे निश्चित.

आजचा मल्लखांब आपण बाळंभटदादा देवधरांच्या नावाने ओळखतो. दुसरा बाजीराव 1796 ते 1818 पेशवा होता, त्या काळातली ही गोष्ट. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान, बाळंभटदादांचे वणीच्या सप्तशृंगीला जाणे, तिथे मारुतीचा दृष्टान्त, ही कथा तालमीतल्या पोराटोरांनाही पाठ असते. कथा बाजूला ठेवली तरी वस्तू समोर आहे. सागवानाचा किंवा शिसवीचा, वर निमुळता होत गेलेला खांब, त्यावर मान, मानेवर बोंड, आणि सगळ्याला चोळलेले एरंडेल.

एरंडेल का? इतर तेलांपेक्षा ते घट्ट. कातडी सोलवटत नाही, पण खांब निसरडा होतो. घर्षण कमी झाले की तेवढाच भार पेलायला दाब जास्त द्यावा लागतो. म्हणजे वजन न वाढवता पकडीची मेहनत वाढवण्याची ही युक्ती आहे. मडक्यात वाळू वाढवण्याऐवजी आपल्याकडे खांबाला तेल लावले. अढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल यांत मुख्य काम मांड्यांचे आणि खांद्यांचे असते हे खरे. पण दसरंगात शरीर वर फेकताना ज्याची बोटे सुटली तो खाली येतो. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोर धरावा लागतो. हाताच्या बोटांचा एवढा गाजावाजा करणाऱ्या जगात पायाच्या बोटांची पकड कमावणारी ही विद्या आहे.

तालमीत आणखी काय होते ते शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. हौदा दर काही दिवसांनी कुदळीने उकरायचा, म्हणजे माती मऊ राहते. हे नव्या पोरांचे काम. त्यांना ती बिगारी वाटते आणि वस्ताद काही समजावून सांगत नाही. दोरावर हातांनी चढायचे. करेला, मुद्गल, जोडी फिरवायची. फिरणाऱ्या मुद्गलाचे वजन टोकाला असते, त्यामुळे मुठीवर सतत बाहेर खेचणारा जोर येतो. जो मुद्गल सोडतो तो स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतो. समोरच्याचे घामाने आणि मातीने माखलेले मनगट हातात राहायला हवे, हे या सगळ्यामागचे कारण. दिल्लीत गुरू हनुमान यांच्या आखाड्यातही हेच चालत आले. आमचा विद्यार्थी शेवटी एका रविवारी तिथे जाऊन पाहून आला आणि म्हणाला, सर, तिथे बोटांचा व्यायाम असा काही नसतोच. मी म्हटले, तू तो तासभर पाहत होतास.

चीनमध्ये बोटांच्या मेहनतीला वेगळे नाव मिळाले, पुस्तकात वेगळे पान मिळाले. आपल्याकडे ती खांबात, कुदळीत आणि दोरात मिसळून राहिली, म्हणून शोधणाऱ्याला दिसत नाही. माझे हे मत आहे, सिद्धान्त नव्हे.

मराठीत पुस्तक झालेच नाही असेही नाही. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. मल्लयुद्ध, मल्लखांब, लाठी, बिनोट सगळे त्यात आहे. जिन जिंगझोंग यांच्या पुस्तकाचे साल 1934 होते. दोन्ही देशांना त्या काळी एकच टोमणा ऐकावा लागत होता : तुम्ही दुबळे आहात. दोन्हीकडच्या माणसांनी घराघरांत, तालमीतालमींत विखुरलेली विद्या कागदावर उतरवून त्याला उत्तर दिले. याच बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचे प्रोफेसर माणिकराव व्यायामाइतकेच हाडे बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. ग्वांगडोंगमधले हुंग घराण्याचे वोंग फेय-हुंग हेही वैद्य होते, त्यांचा दवाखाना होता. पंजा कमावणाऱ्याजवळ सुजलेल्या बोटावर काय लावायचे याचे ज्ञान असेच. चीनमध्ये जडीबुटीचा अर्क, आपल्याकडे आंबेहळदीचा लेप. चित्रफितीत बादली दिसते, पण हा शेजारी बसलेला माणूस दिसत नाही.

दिल्लीचे मीर पंजाकश

आता आमच्या शहराकडे. मराठीत आपण 'पंजा लढवणे' म्हणतो. हल्ली टेबलावर कोपर टेकवून हात पाडण्यालाही तोच शब्द वापरतात. जुन्या दिल्लीत 'पंजाकशी' म्हणजे समोरासमोर बोटांत बोटे गुंतवून दुसऱ्याचा पंजा पिळणे. हत्यार नाही, धक्का नाही, फक्त दहा बोटे. बोटांच्या ताकदीची याहून निखळ परीक्षा मला ठाऊक नाही.

या खेळावरून एका माणसाला नाव पडले. सय्यद मुहम्मद अमीर रिझवी, लोकांच्या तोंडी मीर पंजाकश. गंमत अशी की दिल्ली त्यांना ओळखत होती ती नस्तालीक लिपीतल्या अक्षरासाठी. ते शहरातले सर्वांत नावाजलेले खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार. भिकाऱ्याला ते पैसे देत नसत, कागदावर एक अक्षर लिहून देत, आणि ते अक्षर बाजारात रुपयाला विकले जाई, अशी गोष्ट दिल्लीत अजून सांगतात. सय्यद अहमद खान यांच्या 1847 च्या 'आसार-उस-सनादीद' या दिल्लीवरच्या ग्रंथात शहरातल्या गुणीजनांचा भाग आहे, त्यात त्यांचा समावेश आहे.

बोरूची लेखणी धरणारा हात आणि समोरच्याचा पंजा पिळणारा हात एकच. मघाचे यंत्रशास्त्र आठवा. बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली, नेमकेपणा देणारे छोटे तळहातात. नुसती मोठ्यांची ताकद वाढवली तर अक्षर बिघडते, हे आमच्या विद्यार्थ्याला पेन्सिल धरता न आल्यावर कळले. मीर पंजाकशांनी दोन्ही एकाच हातात कसे सांभाळले असेल? ते काय उचलत, काय पिळत, किती वेळ, हाताला काय लावत, लिहिण्याआधी किती तास विसावा देत, या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला विचारायला आवडेल असे हे सगळे प्रश्न आहेत.

सप्टेंबर 1857 मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. दर्यागंजच्या बाजूला कूचा चेलान नावाची मोहल्ल्याची गल्ली आहे. तिथे शिरलेल्या इंग्रज शिपायांवर कोणीतरी हल्ला केला, आणि त्याचा सूड म्हणून गल्लीतल्या पुरुषांची सरसकट कत्तल झाली. अनेकांना यमुनेच्या काठी नेऊन गोळ्या घातल्या. मृतांत दिल्ली कॉलेजात फारसी शिकवणारे इमामबख्श सहबाई आणि त्यांची मुले होती. 'आसार-उस-सनादीद'च्या कामात याच सहबाईंची मदत झालेली होती. वृद्ध मीर पंजाकशही त्यांत होते.

त्यांनी लिहिलेली सुलेखनाची पाने संग्रहांतून उरली आहेत. अक्षरांची वळणे पाहून जाणकार त्यांची शैली ओळखतात. पंज्याची मेहनत मात्र शिष्याच्या हाताला हात लावूनच शिकवायची गोष्ट होती.

"मग आपल्याकडे ती का उरली नाही?" या प्रश्नाला मी त्या मुलाला नंतर या गल्लीचे उत्तर दिले. ते सगळे उत्तर नव्हे. मल्लखांब उरला, कुस्ती उरली, करेला उरला. पण एका ठिकाणी काय आणि कसे गेले, त्याला तारीख आहे, पत्ता आहे. जामा मशीद मेट्रो स्थानकापासून ती गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पुढच्या तासापूर्वी करायचे काम : आपल्या घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वयस्क व्यक्तीला, विणकर, कुंभार, पैलवान, पाणी भरणारी आजी, कोणीही चालेल, तिची बोटे कोणत्या कामाने घडली ते विचारा, आणि त्या कामातल्या पकडीला त्यांच्या बोलीत जे शब्द आहेत ते जसेच्या तसे लिहून आणा. मूग आणू नका.